दमानं घे! मॅरेथॉनचा वेग आणि नाडीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी प्रत. बोलताना झालेली अडखळ, दहा-बारा 'म्हणजे' आणि मागे आरवणारा शेजारच्यांचा कोंबडा एवढं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय मॅरेथॉनचा वेग आणि हृदयाचे ठोके. घड्याळात जो 'झोन टू' दिसतो तो आला कुठून, तो आकडा कुणी आणि कशावरून ठरवला, आणि आपल्या शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर तो कितपत लागू पडतो, हे बघायचंय. कसं पळावं हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. मला त्यामागचा इतिहास सांगायचाय, कारण तो माहीत नसला की माणूस आकड्याला एक तर देव मानतो, नाही तर फेकून देतो.

सुरुवात पुण्यातून करू. साल १९१९. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा बघायला ते गेले. पळणारी पोरं बहुतेक शेतावर राबणारी, साधं खाणारी, अनवाणी. शर्यतीचे युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, सराव हा प्रकार माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण टाटांनी वेळा पाहिल्या आणि त्यांना त्या युरोपातल्या वेळांशी तुलना करण्याजोग्या वाटल्या. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक होतं. आपला संघ तिथे पाठवायचाच, असं त्यांनी घेतलं. स्वतःचे पैसे घातले, सरकारकडून आणि लोकांकडून मिळवले, आणि १९२० च्या एप्रिलमध्ये पुण्यात निवड चाचणी घेतली. सहा जण निवडले गेले: चार धावपटू, दोन पैलवान. मॅरेथॉनसाठी दोन नावं होती, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

२२ ऑगस्ट १९२० ला ती शर्यत झाली. दातार यांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुले १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. जिंकला फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत.

ऐकायला २:५० फार मोठं वाटत नाही. पण अँटवर्पचा मार्ग ४२.१९५ किलोमीटरचा नव्हता, ४२.७५ चा होता. ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन तीच. भागाकार करून बघा: किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत. आजच्या अंतरावर धरलं तर साधारण २ तास ४८ मिनिटं ३० सेकंद. शंभर वर्षांपूर्वी बोटीनं युरोपात गेलेला बेळगावचा माणूस आज मुंबई मॅरेथॉनच्या हौशी गटात पळाला असता तर अगदी पुढच्या घोळक्यात दिसला असता. हा हिशेब मी ऑफिसच्या लॅपटॉपवर केला आणि मग अर्धा तास काही काम झालं नाही.

पण या गोष्टीतून एक साचा तयार झाला, आणि तो मला खुपतो. गावाकडचा पोरगा, अनवाणी, अर्धपोटी, कुणी काही शिकवलं नाही तरी वाऱ्यासारखा पळतो, आणि कुणीतरी शहरातला मोठा माणूस त्याला 'शोधतो'. आपल्याकडे खेळाच्या बातम्या अजून याच साच्यात येतात. आदिवासी पाड्यावरची मुलगी पळाली की 'निसर्गदत्त दमसास'. डोंगर चढून चढून पाय तयार झालेले, रक्तातच आहे म्हणे. यात कौतुक असतं, पण त्याच वाक्यात सुट्टीही असते: रक्तातच असेल तर शिकवायची गरज काय? चौगुले किलोमीटरला चार मिनिटांनी पळाले आणि कोलेहमाइनेन ३ मिनिटं ३४ सेकंदांनी. मधले ते २६ सेकंद रक्तातले होते की सरावातले, हा प्रश्न आपण फारसा विचारलाच नाही.

युरोपात त्याच सुमारास तो विचारला जात होता.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये वोल्डेमार गेर्शलर नावाचा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल नावाचा हृदयाचा डॉक्टर एकत्र आले. त्यांची रीत सोपी होती. खेळाडूनं थोडं अंतर जोरात पळायचं, ठोके मिनिटाला १८० च्या आसपास जाईपर्यंत. मग थांबून श्वास घ्यायचा. दीड मिनिटाच्या आत ठोके १२० वर उतरले तर पुढची फेरी. नाही उतरले तर वेग जास्त झाला किंवा आजचा दिवस संपला. इथे घड्याळापेक्षा नाडी मोठी. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून दाखवले. तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. आणि ही सगळी मोजणी बोटांनी, बरं का. ना पट्टा, ना ब्लूटूथ.

म्हणजे नाडीवर चालणाऱ्या सरावाची सुरुवात जोरात पळण्यापासून झाली. हळू पळायचं कुणी शिकवलं? तो मान न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्डला. ऑकलंडचा, बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्यानं प्रयोग स्वतःवर केले: आठवड्याला किती पळालं की शरीर तयार होतं आणि किती पळालं की मोडतं. शेवटी तो आठवड्याला १०० मैलांवर स्थिरावला. यातलं बरंचसं अशा वेगानं की पळता पळता गप्पा मारता याव्यात. रविवारी डोंगरातला २२ मैलांचा वायाटारुआचा फेरा. त्याच्या गल्लीतली पोरं म्हणावी अशी मुलं होती ती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यातल्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गनं ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं, आणि बॅरी मगीनं मॅरेथॉनचं कांस्य. ८०० मीटरचा धावपटू आठवड्याला १०० मैल पळतो हे तेव्हा लोकांना वेडेपणाचं वाटलं होतं.

आता थोडं आपल्या भाषेकडे या. 'दम' हा शब्द बघा. दम लागतो, दम भरतो, दम धरतात, दम खातात. आणि 'दमानं घे' म्हणजे सावकाश घे. वेग किती हे मराठी माणूस श्वासावरून सांगतो. लिडियर्डची गप्पांची कसोटी हीच. माझी आजी आम्हाला माहुलीच्या पायथ्याला न्यायची तेव्हा 'दमानं चला रे' म्हणायची. ऑकलंडच्या माणसानं त्याची पद्धत केली, एवढाच फरक.

आणि हे नुसतं भाषेतलं नाही. आपला मुलूख घाटवाटांचा. मुंबईहून नाशिककडे जायचं तर शहापूरवरून थळ घाट, जुन्नरकडे जायचं तर मुरबाडवरून नाणेघाट किंवा माळशेज. मराठेशाहीत पत्रं घेऊन जासूद आणि कासीद पायी जात, बऱ्याचदा जोडीनं. इंग्रजी अमलात टपालाचे हरकारे टप्प्याटप्प्यानं थैली पुढे देत. रेल्वे कसाऱ्याला पोचली १८६१ मध्ये आणि घाट चढून इगतपुरीला १८६५ मध्ये. (मुरबाडला ती अजून यायचीय, तो वेगळा भाग होईल.) त्या हरकाऱ्यांची नाडी कुणी मोजली नाही. पण ज्याला आज पळायचंय, उद्या पळायचंय आणि परवाही, तो छाती फुटेस्तोवर पळणार नाही, हा माझा तर्क. 'मजल दरमजल' या शब्दप्रयोगात तोच हिशेब आहे: मजल म्हणजे एका दिवसात झेपेल एवढी वाट.

बरं, मग घड्याळातला आकडा?

१९५७ मध्ये फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी मोजक्या तरुणांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि कितव्या ठोक्यापासून शरीरात बदल दिसतो ते बघितलं. त्यातून आलेली कल्पना आजही वापरात आहे: नुसते जास्तीत जास्त ठोके बघू नका, झोपेतून उठल्यावरचे शांत ठोकेही बघा, आणि दोन्हीतल्या फरकाचा हिस्सा काढा. समजा कमाल १९२ आणि शांत ठोके ५८. फरक १३४. त्याचे ६० ते ७० टक्के काढून ५८ मध्ये मिळवले की साधारण १३८ ते १५२. हा आपला दमानं पळायचा पट्टा.

पण ते १९२ कुठून आले? २२० वजा वय. माझं वय २८, म्हणून १९२. हे सूत्र जिमच्या भिंतीवर असतं, ट्रेडमिलवर छापलेलं असतं, घड्याळातही बहुधा सुरुवातीला तेच भरलेलं असतं. त्याचा उगम शोधला तर हसू येतं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे डॉक्टर हृदयरोग्यांनी किती व्यायाम करावा याचा विचार करत होते. तोवर छापून आलेल्या काही अभ्यासांतले आकडे त्यांनी आलेखावर मांडले आणि त्यातून ढोबळमानानं एक रेघ जाते असं त्यांना दिसलं. त्यासाठी वेगळा प्रयोग केला नव्हता, धावपटूंवर तर नाहीच. तीच रेघ पुढे नियम झाली. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बराच मोठा विदा तपासून २०८ वजा वयाच्या सात दशांश असं सुत्र दिलं. अठ्ठाविसाव्या वर्षी दोन्हींत तीन-चार ठोक्यांचाच फरक पडतो; साठाव्या वर्षी मात्र एक १६० म्हणतं आणि दुसरं १६६. आणि कुठलंही सूत्र घेतलं तरी एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोके इकडे-तिकडे असणं अगदी सामान्य आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतो. डिफॉल्ट ही सुरुवात करण्यापुरती असते. प्रॉडक्शनला तीच ठेवून कुणी झोपायला जात नाही.

पळता पळता नाडी दिसू लागली ती पुन्हा फिनलंडमुळेच. औलूजवळ सेप्पो सायनायाकांगस यांनी १९७७ मध्ये पोलर कंपनी काढली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला छातीला पट्टा, मनगटावर आकडा असं बिनतारी यंत्र बाजारात आलं. कल्पना बर्फावर स्की करणाऱ्यांसाठीची. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा मुद्दा त्यावरच आहे. हे शास्त्र मुख्यतः थंड देशांत वाढलंय.

आपल्याकडे काय होतं? माझ्या घड्याळातल्या नोंदी सांगतो. शहापूरहून किन्हवलीकडे जाणारा ठरलेला रस्ता, किलोमीटरला सात मिनिटं. जानेवारीच्या पहाटे ठोके १४२ च्या आसपास. मे महिन्यात त्याच रस्त्यावर त्याच वेगाला १६०. माझी तब्येत बिघडलेली नसते. उन्हाळ्यात रक्ताला दोन कामं असतात, पायांना प्राणवायू पोचवायचा आणि कातडीकडे जाऊन अंग थंड ठेवायचं. घामानं अंगातलं पाणी कमी झालं की प्रत्येक ठोक्याला रक्त कमी ढकललं जातं, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. म्हणून तासाभरानंतर वेग तोच ठेवला तरी आकडा चढत जातो. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर विचारूच नका. तेव्हा वेग पकडून ठेवला की दमछाक ठरलेली. नाडी पकडून ठेवली की वेग घसरतो आणि आपला जीव कळवळतो, स्ट्राव्हावर लोक काय म्हणतील म्हणून. मी म्हणतो घसरू द्या. टोकावडे ओलांडून माळशेजचा चढ लागला की तर वेग बघायचाच नाही. चढाला वेग खोटं बोलतो.

घड्याळही खोटं बोलतं कधीकधी. मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची हालचाल टिपतं. पट्टा सैल असला, घाम असला की पळताना त्याला पावलांचा हादरा जास्त स्पष्ट दिसतो. पावलं मिनिटाला १७०-१८० पडतात, आणि ते तीच नाडी म्हणून दाखवतं. निवांत पळताय, गाणं गुणगुणताय आणि आकडा १७६? डॉक्टरकडे धावण्याआधी पट्टा घट्ट करा आणि दोन बोटं गळ्यावर ठेवा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर मात्र घड्याळाची वाट न बघता डॉक्टर.

आता पुन्हा माणसांकडे. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळचं सावरपाडा. आपल्या कसारा-मोखाड्याच्या डोंगरापलीकडचाच मुलूख. तिथली कविता राऊत. लहानपणी पाणी आणायला डोंगरवाटेनं जायची, ही गोष्ट सगळ्या बातम्यांत येते. दुसरी गोष्ट कमी येते: नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तिनं वर्षानुवर्षं केलेला सराव. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य, ३१ मिनिटं ५१ सेकंदांत. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेची मॅरेथॉन तिनं २:३८:३८ मध्ये जिंकली आणि रिओचं तिकीट मिळवलं. किलोमीटरला ३ मिनिटं ४५ सेकंदांच्या आसपास. चौगुल्यांपेक्षा १४ सेकंद जलद. ऑगस्टमध्ये रिओत, उन्हात, तिला २:५९:२९ लागले. तीच धावपटू, तेच वर्ष, वीस मिनिटांचा फरक.

डोंगरातून पाणी तर आपल्या शहापूर तालुक्यातल्या बायकाही आणतात. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढणाऱ्या बाईचे ठोके मोजले तर तेही झोन थ्री-फोर भरतील. पाणी वाहून कुणी ऑलिंपिकला जात नाही. सावरपाड्याहून एक गेली कारण पाण्याच्या वाटेनंतर तिला सरावाची वाट मिळाली.

हे सगळं मी का सांगतोय? पहाटे पाचला शहापूर किंवा मुरबाडच्या बाहेर कुठल्याही रस्त्यावर या. पोरं-पोरी पळताना दिसतील. मॅरेथॉनसाठी नाही, भरतीसाठी. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. सैन्यातही १.६ किलोमीटर. घरात एक सरकारी नोकरी येण्याचा हा एकमेव दरवाजा असलेली कितीतरी घरं इथे आहेत. आणि सरावाची पद्धत काय, तर रोज १६०० मीटर, रोज जीव खाऊन, रोज मोबाइलवर वेळ लावून. पहिले दोन महिने वेळ सुधारते. मग अडकते. मग नडग्या दुखायला लागतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'याच्यात दमच नाही.'

त्याच्यात दम आहे, तो वाढवलेला नाही. पाच-सहा मिनिटांच्या शर्यतीतही बहुतेक ऊर्जा प्राणवायूवरच तयार होते. तो पुरवठा वाढतो निवांत, लांब पळण्यानं: हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळायची सवय लागते. स्टीफन सायलर यांनी नामांकित स्कीपटू, नावाडी, धावपटू यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तर साधारण ८० टक्के सत्रं सोपी निघाली आणि २० टक्के कठीण. भरतीच्या पोरांचं प्रमाण उलटं. म्हणून स्नेलची गोष्ट मी त्यांना आवर्जून सांगतो: ८०० मीटरचा ऑलिंपिक विजेता, रविवारी डोंगरात २२ मैल.

त्यांच्याकडे घड्याळं नाहीत, आणि लागतही नाहीत. आठवड्यातले चार दिवस गप्पा मारता येतील असं पाऊण तास पळायचं. बोलणं तुटलं की चालायचं. एक दिवस गेर्शलरची रीत: २०० मीटर जोरात, मग उभं राहून दोन बोटं गळ्यावर. शेजारच्यानं मोबाइलवर १५ सेकंद लावायचे. ठोके ३० किंवा कमी आले, म्हणजे मिनिटाला १२०, की पुढची फेरी. दीड मिनिट झालं तरी ३५-३६ वरच अडकलेत, तर त्या दिवशी जोडे काढायचे.